वापरलेला नंबर

माझा राग वाईट आहे. हे मी मिरवत नाही, आता तर सांगताना मान खाली जाते. पण सुरुवात तिथूनच करावी लागेल. बाप इतका थंड डोक्याचा आणि पोरगी अशी भडक माथ्याची कशी निघाली, हे कोडं आमच्या मुदखेडच्या गल्लीला अजून सुटलेलं नाही. माय म्हणायची, ही पोटात असताना मी लई मिरच्या खाल्ल्या. म्हणायची, असं मी म्हणते, कारण आता ती काहीच म्हणत नाही. तिचा आवाज गेला. आणि जो थोडा उरला होता, तो मी घालवला.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. रामकिशन सोनकांबळे, रेल्वेत गेटमन. मुदखेडहून किनवटकडं लाइन जाते, तिच्यावरच्या एका फाटकावर दादांनी एकतीस वर्षं काढली. बदली मागितली नाही, बढतीसाठी कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. फाटकाला लागून एका खोलीचं क्वार्टर होतं, तिथंच मी वाढले. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं. बघणाऱ्याला वाटायचं, काय काम आहे हे, बसून पगार. कुणी असं तोंडावर म्हणालं तरी दादा हसायचे अन् त्याला पाणी विचारायचे. मी मात्र त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरायचे.

खरं काम दिसायचंच नाही. स्टेशनमास्तरचा फोन यायचा, अमुक गाडी येऊन राहिली, फाटक लावा. दादा चाक फिरवून फाटक लावायचे, कुलूप घालायचे, मग फोनवर येऊन एक नंबर द्यायचे. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. दोन आकडी नंबरांचा एक छापील कागद गेटमनजवळ असतो, पेटीत, कुलपात. त्यातला एकेक नंबर ओळीनं द्यायचा. मास्तर तो परत म्हणून दाखवणार, रजिस्टरात लिहिणार, आणि मगच गाडीला सिग्नल मिळणार. दिलेला नंबर लगेच खोडायचा. तो मेला. पुन्हा द्यायचा नाही, कारण एकदा तारेवरून गेलेला नंबर कुणी ऐकला असेल, काय भरवसा. पुढच्या गाडीला पुढचा नंबर.

शिवमूर्ती साहेब नावाचे एक मास्तर होते, उदगीरकडले, बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचे. त्यांचा दादांवर फार जीव. सुट्टीच्या दिवशी मायच्या हातची भाकरी अन् ठेचा खायला सायकल मारत फाटकावर यायचे. एकदा ते घाईत होते. फोनवर म्हणाले, रामकिशन, मी तुझा आवाज ओळखत नाही का, लावलंस ना फाटक, झालं तर मग, नंबर लिहितो नंतर. दादा म्हणाले, आवाज माझाच हाय साहेब, पण आवाजावर गाडी सोडू नका, नंबर घ्या. साहेब चिडले. दादांनी शांतपणे नंबर दोनदा सांगितला, साहेबांकडून वदवून घेतला, खोडला आणि बाहेर येऊन हिरवी झेंडी धरून उभे राहिले. पुढच्या रविवारी साहेब पुन्हा भाकरी खायला आले, ते आधीपेक्षा जास्त माया करायला लागले.

आणखी एक सांगते. मी सहा-सात वर्षांची असेन. दादा बाहेर असताना पेटी उघडी दिसली म्हणून मी तो कागद काढला आणि वरचे दोन-तीन नंबर पाढ्यासारखे म्हणत बसले. दादांनी ऐकलं. मला वाटलं, आता पाठ सुजते. पण त्यांनी कागद घेतला, पेटीत घालून कुलूप लावलं. ड्युटी संपल्यावर चालत स्टेशनावर गेले आणि मास्तरला सांगितलं, माझ्या पोरीनं कागद बघितला, चूक माझी हाय, पेटी म्या उघडी ठेवली, नवा कागद द्या. कुणाला कळणार होतं? सहा वर्षांच्या पोरीनं काय गाडी उलटवली असती? माय चिडून म्हणाली, खामखा स्वतःच्या नावाला डाग लावून आलात. त्यावर दादा म्हणाले की कळतंय का न्हाई हा सवालच न्हाई.

तर असे दादा. रिटायर झाले, पुढं त्या फाटकाच्या जागी खालून रस्ता काढला, फाटक गेलं. मुदखेडात दोन खोल्यांचं घर बांधलंय, तिथं दोघं राहतात. मी नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. लग्न नांदेडातच झालं, संसार आहे, महिन्यातून एक-दोनदा मुदखेडला चक्कर होते. दादांना टचस्क्रीनचा फोन मीच घेऊन दिला. बोट कसं सरकवायचं ते शिकवताना मी चार वेळा ओरडले, ते पाचव्यांदा शिकले.

आता मायचं. सुमनबाई म्हटलं की लोकांना तिचा आवाज आठवायचा, तोंडवळा नंतर. रोजानं निंदायला जायची ती गात जायची, गातच यायची. जयंतीला, वैशाखी पौर्णिमेला विहारात तिला माइक लागायचा नाही. आणि तिची हाक! मी लाइनीपलीकडं शेतात खेळत असले की ती क्वार्टरच्या दारातून मला हाक मारायची, "धम्मेऽऽ", आणि मालगाडी जात असली तरी मला ऐकू यायची. कागदोपत्री मी धम्मप्रिया, पण ते नाव मला सासरी गेल्यावर लागलं.

मागच्या मार्चमध्ये मायच्या घशात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही, आवाजाची पेटीच काढावी लागेल. मायनं एवढंच विचारलं की भाकरी गिळता येईल ना. डॉक्टर हो म्हणाले. तर मग काढा, म्हणाली.

लातूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दादांनी दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि मायला समोर बसवून फोनवर तिची गाणी भरून घेतली. मी लहान असताना म्हणायची ते पाळण्याचं, जयंतीची, निंदणीची, अशी अकरा गाणी. हे त्यांनी मला त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. मी तेव्हा ऑफिसात परीक्षा फॉर्मचे गठ्ठे लावत होते, खिडकीत पोरांची रांग होती. एका कानानं ऐकलं. बरं बरं दादा, ठेवते, म्हणाले आणि ठेवला. सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

ऑपरेशन झालं. मायच्या गळ्याला आता भोक आहे, त्यावर ती सुती रुमाल बांधते. ओठ हलवते, हातानं सांगते, आणि कुणाला बोलवायचं असलं की दोन टाळ्या वाजवते. मी जायचे, हे बघून जीव गलबलायचा, आणि जीव गलबलला की मला राग येतो. औषधं वेळेवर का नाही, रुमाल धुतला का नाही, असं घरभर तोंड चालवायचे आणि नांदेडला परत यायचे.

ऑगस्टात सोमवारची सुट्टी जोडून आली म्हणून मी तीन दिवस राहायला गेले. रविवारी दादा म्हणाले, माझ्या फोनला कुलूप लावून दे. मी हसले. म्हणाले, असं काय सोनंनाणं ठेवलंय तुम्ही त्यात? दादा म्हणाले, "जोखीम हाय." एवढंच. मी त्यावर काही विचारलं नाही, विचारायला काय पैसे पडत होते? त्यांचं बोट लावून घ्यायला बसले. फाटकाचं चाक फिरवून फिरवून बोटाच्या रेषा झिजलेल्या, पाचव्यांदा का सहाव्यांदा लागलं एकदाचं. पण बोट लावण्याआधी फोन चार आकडी नंबर मागतो. मी म्हणाले, तुमचं जन्मसाल टाका. दादा म्हणाले, ते तर रेशन कार्डावर हाय. त्यांनी डोक्यातून एक नंबर काढला, कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहिला आणि मला बघू न देता फोनवर टाकला. फोननं तोच पुन्हा टाकायला सांगितला. दादांना ते फार पटलं, म्हणाले, बघ, परत म्हणून घेतंय. मग त्यांनी कोपऱ्यावरचा नंबर खोडला, तेवढा तुकडा फाडला आणि आत जाऊन चुलीत टाकला.

मी हे सगळं बघितलं. लहानपणापासून त्या माणसाला बघत आले होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दोन दिवस फोन बोटानं उघडत राहिला. मंगळवारी सकाळी मला नांदेडची गाडी धरायची होती, पिशवी भरून झाली होती, तेवढ्यात दादा म्हणाले, फोन अडकून बसलाय, हलून नाही राहिला. मी त्यांच्या हातातून घेतला, बटण दाबून धरलं, बंद करून चालू केला. आता लावा बोट, म्हणाले. बोट लागेना. चालू केल्यानंतर पिन टाका, असं पडद्यावर आलं. मी नंबर विचारला.

"तो झाला की," दादा म्हणाले. "वापरला."

मी म्हणाले, वापरला म्हणजे काय, विसरलात का? फाटकावरच्या माणसाला विसरलात का म्हणणं ही शिवी आहे, हे मला माहीत होतं. घाईत म्हटलं गेलं. मग ते म्हणाले, तो म्या खोडलाय, आता दुसरा लागंल, तू त्यांच्याकडून मागून घे. कुणाकडून मागू, मी ओरडले, फोनच्या बापाकडून? मायनं आतून दोन टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाले, बस जरा, चहा घे, संध्याकाळच्या गाडीनं जा, बघू काय ते. मी म्हणाले, तुमचं बघू बघू ऐकायला मला रजा नाही. फोन पर्समध्ये कोंबला आणि निघाले. नांदेडात दुरुस्त करून आणते, एवढं दारातून सांगितलं. दादा मागून काहीतरी म्हणत होते. मी ऑटोत बसले.

कॉलेजच्या रस्त्याला सिद्धलिंग नावाच्या माणसाचं मोबाईलचं दुकान आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडं गेले. चांगला माणूस, त्याच्यावर मी एक बोट ठेवणार नाही. त्यानं फोन बघितला आणि म्हणाला, नंबराशिवाय उघडणार नाही. मी म्हणाले, बोट आहे ना, वडलांना उद्या आणते. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं.

"ताई, बोट ही किल्ली न्हाई. बोट म्हणजे नुसती ओळख."

म्हणाला, फोनमधलं सगळं कुलपात असतं आणि ती किल्ली तुमच्या नंबरावरून तयार होते. चालू केल्यावर एकदा नंबर दिला की किल्ली फोनच्या हाताशी राहते, मग नुसतं बोट दिसलं तरी तो ओळखून दार उघडतो. बंद केला की ती किल्ली जाते. फोनजवळसुद्धा राहत नाही. पुन्हा चालू झाल्यावर आतलं काय आहे ते त्याचं त्यालाच वाचता येत नाही, नंबर येईपर्यंत तो आंधळा. आणि असं केलंय ते बरोबरच आहे, म्हणाला, कारण झोपलेल्या माणसाचं बोट कुणीही उचलून लावील, चोरानं फोन पळवून उघडायचा प्रयत्न केला तरी बंद फोनमधून त्याला काही मिळत नाही. डोक्यातला नंबर जागा माणूसच देतो.

मी म्हणाले, मग करायचं काय? तो म्हणाला, वडलांना विचारा, दोन दिवस थांबा, घरी निवांत बसल्यावर माणसाला आठवतं. नाहीतर सगळं पुसून फोन कोरा करावा लागंल. आत काही महत्त्वाचं आहे का? मी म्हणाले, काही नाही.

तेवढ्यात दादांचा तो फोन माझ्या हातात वाजला. पडद्यावर नुसता नंबर, नाव नाही. सिद्धलिंग म्हणाला, नावं पण आत कुलपात अडकलीत ताई, ओळखीचा असला तरी नाव दिसणार न्हाई, घेऊन बघा. मी कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. सुट्टी संपायला दहा मिनिटं होती आणि खिडकीवर फॉर्मची शेवटची तारीख होती. सिद्धलिंगनं पुन्हा विचारलं, नक्की ना, फोटो, काही आवाज वगैरे? त्यानं आवाज हा शब्दसुद्धा उच्चारला. आणि मी हसून म्हणाले, म्हाताऱ्या माणसाच्या फोनमध्ये काय असणार, गुड मॉर्निंगची फुलं. काही नाही त्यात, पुसा.

त्यानं त्याच्या वहीत माझी सही घेतली. मी केली.

शनिवारी फोन घेऊन मुदखेडला गेले. दुपारचे दोन वाजत होते, दोघांचं जेवण झालेलं. मायनं लुगड्याला हात पुसले आणि बाजेवर दादांशेजारी येऊन बसली, थोडी वाकून, हात कानामागं धरून. मला काही कळेना. दादांनी फोन घेतला, पुन्हा नंबर आणि बोट लावून झालं होतं, उघडला, आणि रेकॉर्डिंगचं चित्र दाबलं. काही नाही. मागं आले, पुन्हा दाबलं. चष्मा पुसला, पुन्हा दाबलं. माय त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

तेव्हा मला कळलं की मार्चपासून रोज दुपारी दोन वाजता ही दोघं असंच बसत होती. मी आले तरी त्या वेळेला आतल्या खोलीत झोपलेली असायचे. दादा एक गाणं लावायचे आणि माय स्वतःच्या आवाजासोबत ओठ हलवायची. रोज एकच, म्हणजे पुरवून पुरवून. आणि अकरा गाण्यांनंतर बारावं एक होतं, ते गाणं नव्हतं. दादांनी तिला म्हटलं होतं, पोरीला हाक मारायची तशी एक मार. तिनं दार लावलेल्या खोलीत बसून, लाइनीपलीकडं मी असल्यासारखी, मला हाक मारली होती. ती ऐकायची राहिली, असं दादा म्हणाले, तू आल्यावर ऐकवणार व्हतो, पर तू येतीस ती घाईतच.

त्या क्षणी बोलायला पाहिजे होतं. दादा माझ्याकडंच बघत होते, रागानं नाही, नुसतं विचारत होते. मी म्हणाले, दुकानवाला म्हणाला, फोन बंद होऊन चालू झाला की कधी कधी असं जातं सगळं. फोनचाच दोष आहे.

दादांनी विचारलं, असं कसं जातं? मग मी सिद्धलिंगनं सांगितलेलं सगळं सांगितलं, बोट, ओळख, किल्ली, नंबर, सगळं खरं, आणि त्याच्या शेपटीला माझं खोटं बांधून दिलं. दादा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांच्या कामाचीच गोष्ट होती, त्यांना माझ्या आधी समजली. म्हणाले, बरोबर हाय फोनचं, आवाज वळखीचा असला तरी नंबर पायजेच. आणि मग एकदम थांबले.

"म्हंजी नंबर तोच लागत व्हता? रविवारचा?"

मी हो म्हणाले.

"मला म्हाईत व्हता ना," दादा म्हणाले. "सदुसष्ट एकोणचाळीस."

विसरले नव्हतेच ते. वापरलेला नंबर पुन्हा द्यायचा नसतो, म्हणून त्यांनी दिला नव्हता. मी गेल्यावर त्यांना वाटलं की पोरीला सांगून बघावं, आत मायची गाणी आहेत, जपून कर, नंबर पण सांगून टाकावा, चालला तर चालला. माझा मोबाईल नंबर त्यांना पाठ नव्हता, तो फोनमध्येच होता. स्वतःचा पाठ होता. शेजारच्या महादेवप्पाच्या फोनवरून त्यांनी स्वतःच्याच नंबरावर दोनदा लावला. तू कापलास, म्हणाले. मी म्हणाले, ऑफिसात रेंज नव्हती दादा, कट झाला असेल.

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

माय उठली आणि भांडी घासायला गेली. दादा मात्र तिथून उठलेच नाहीत असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी सगळा जिम्मा स्वतःवर घेतला. महादेवप्पाला सांगितलं, विहारात रविवारी वंदना झाल्यावर चार लोकांत सांगितलं, की नंबर मला मालूम होता आणि म्या दिला न्हाई, सुमनचा आवाज माझ्या हातानं गेला. एकतीस वर्षांत एक नंबर चुकला न्हाई अन् घरचाच चुकला. लोक म्हणायचे, जाऊ द्या रामकिशनदादा, मशीनच ती. ते मान हलवायचे. फाटकाच्या गोष्टी सांगायचं त्यांनी बंद केलं. कुणी विषय काढला तर म्हणायचे, कसला गेटमन, सोडा.

मी महिन्यातून दोनदा यायचे तिथं दर शनिवारी यायला लागले. ओरडणं बंद झालं माझं. मायला वाटलं असेल, पोरगी सुधारली. दादांसाठी फळं आणायचे, मायसाठी नवे रुमाल. दादा म्हणायचे, एवढं कशाला करतीस. मला ते वाक्य ऐकवत नसे. एकदा सिद्धलिंगकडं जाऊन रडकुंडीला येऊन विचारलं, काही परत येईल का. तो म्हणाला, ताई, किल्लीच नव्यानं झाली, जुनं आता कुणालाच वाचता येणार न्हाई. त्याच्या वहीत माझी सही होती, ती त्यानं दाखवली नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दादांनी मला जवळ बसवलं आणि फोनचा नवा नंबर सांगितला. मी म्हणाले, मला कशाला? ते म्हणाले, माझ्यावर माझा भरवसा राहिला न्हाई, तुझ्याजवळ असू दे, तू परत म्हणून दाखव. ज्या माणसानं बायकोला कधी नंबर सांगितला नाही, तो मला सांगत होता, आणि वाट बघत होता. मी म्हणून दाखवला. मग मला तिथं बसवेना.

माय स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. दुकान, सही, कापलेला फोन, ऑफिसात रेंज नव्हती हे, सगळं. खरं सांगू का, मायला सांगितलं कारण माय बोलून दाखवणार नव्हती. तिच्या पोटात राहील, माझ्या पोटातून निघेल, असा माझा हिशोब. याची लाज मला सही केल्याच्या लाजेपेक्षा कमी नाही.

तिनं पूर्ण ऐकलं. तोंड माझ्याकडं, हातात मेथीची काडी तशीच. तिचा गळा रुमालाखाली हलत होता. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला जवळ घेईल. तिनं मेथी बाजूला सारली, हात झटकले, माझं मनगट धरलं आणि मला उठवलं. साठीच्या पुढची, ऑपरेशन झालेली बाई, पण निंदणीचा हात तो. मी म्हणाले, माय, नको, त्यांना सहन व्हायचं नाही. तिनं ऐकलं नाही. ओढतच बाहेर घेऊन आली.

दादा अंगणात बाजेची सैल झालेली नवार आवळत होते. मायनं एका हातानं मला धरलेलं, टाळी वाजवायला दुसरा हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं पाय आपटला. दादांनी वर बघितलं. मायनं मला पुढं केलं.

मी सांगितलं. पहिल्यांदा मधलं सांगितलं, मग सुरुवात, मग शेवट, सगळा गोंधळ. तुमच्या नंबराचा काही दोष नव्हता दादा, फोन मी पुसायला सांगितला, तुमचा कॉल मी कापला, एवढं मात्र नीट सांगितलं. इतके महिने तुम्ही लोकांत स्वतःला लावून घेत होता आणि मी ऐकत होते, हेही सांगितलं.

दादांच्या हातातली नवार तशीच ताणलेली होती. त्यांनी मायकडं बघितलं, जणू तिला विचारून घेत होते. मग नवार सोडली आणि विचारलं,

"त्या दुकानदारानं तुला इचारलं व्हतं का, आत काय हाय म्हून?"

"दोनदा विचारलं."

"मंग? काय सांगितलंस?"

मायनं मनगट सोडलं नव्हतं. तिचे ओठ हलत होते, आणि ती काय म्हणत होती ते मला कळत होतं. सांग, म्हणत होती.

"काही नाही म्हणून सांगितलं, दादा," मी म्हणाले. "त्यात काहीच नाही म्हणून."